पन्नास कुंड्यांचा दिवा

“खोली केवढी आहे?” इल्पोने विचारलं.

“दीड मीटर बाय दोन,” हेल्का म्हणाली, आणि तिथेच फसली.

“झोपायची खोली?”

“हो.”

“दीड बाय दोन?”

“एकट्या बाईला किती लागते?” असं म्हणून हेल्काने वेलदोड्याच्या पावाचा एवढा मोठा घास घेतला, की पुढचा प्रश्न आलाच तर तोंड भरलेलं असावं.

उत्तर ध्रुवाकडच्या केमियार्वी गावात, वाचनालयामागच्या खोलीत दर गुरुवारी मिरचीवाल्यांचं मंडळ भरायचं. बाहेर जानेवारी. सूर्य येतो न येतो तोच जायचा, पारा उणे एकतीसवर. आणि आत अकरा धडधाकट माणसं ‘माझ्या झाडाला कळी आली’ म्हणून एकमेकांना फोटो दाखवत बसलेली. हसू नका. ज्या गावात दोन महिने दिवसाची नुसती अफवाच येते, तिथे माणूस हिरवं पान बघायला काय वाटेल ते करतो. कुणी दारू पितो, कुणी बायकोशी भांडतो, आणि जे शहाणे असतात ते ऑक्टोबरात मिरचीचं बी पेरतात. आता बाहेर ऊन नाही म्हटल्यावर ते घरात आणायला हवं. म्हणून मंडळात मिरचीपेक्षा जास्त बोलणं दिव्यांचंच.

आणि दिव्यांचं बोलणं म्हणजे इल्पो. नगरपालिकेचा विजेवाला, वय चोपन्न, गावातले सगळे रस्त्यावरचे दिवे त्याच्या हातचे. एकटा राहायचा, मोजकं बोलायचा, पण दिव्याचा विषय निघाला की याच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. हेल्का शाळेची बस चालवायची. वय एकोणपन्नास. नवरा आठ वर्षांपूर्वी दक्षिणेला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. हेल्काला इल्पो आवडत होता. आडवळणाने कशाला सांगू? सप्टेंबरपासून आवडत होता, आणि दर गुरुवारी ती बस धुऊन, केस विंचरून, निळा स्वेटर घालून यायची. मंडळातल्या बाकीच्या नऊजणांना हे कळलं होतं. इल्पोला कळलं होतं की नाही, ते देव जाणे.

तर ती झोपायची खोली. ती झोपायची खोली नव्हतीच. ती हेल्काच्या घरची सौना होती, वाफेने न्हायची लाकडी खोली.

झालं होतं असं की पहिला दिवा हेल्काने स्वतःच्या अकलेने घेतला होता. खोक्यावर हजार वॅट छापलेलं, वर जांभळ्या उजेडात चमकणाऱ्या टोमॅटोचं चित्र. स्वयंपाकघरात लावला आणि घराची सर्कस झाली. माशाचं सार निळं, बटाटे गुलाबी, दूध जांभळं. आरशात बघावं तर स्वतःच दोन दिवसांची मेलेली. शेजारचा म्हातारा बर्फ उपसताना खिडकीशी थांबला आणि विचारून गेला, “हेल्का, नाचगाण्याचं दुकान काढलंस की काय?”

मग तिने कुंड्या उचलून सौनात नेल्या. खिडकी नाही, फट नाही, लाकडी भिंती ऊब धरून ठेवतात, पाणी सांडलं तर फरशीतच मोरी. बसायचे तीन पायऱ्यांचे बाक म्हणजे तर कुंड्यांसाठीच ठोकल्यासारखे. बावीस कुंड्या ऐटीत बसल्या. पण त्या मुलखात सौनात सामान ठेवणं म्हणजे देवघरात चपला ठेवणं. शनिवारी दगड तापवावेत, त्यावर पाणी मारावं, घामाबरोबर आठवड्याचा शीण काढून टाकावा, हा तिथला रिवाज. हेल्का मात्र डिसेंबरपासून शनिवारी चोरासारखी तरणतलावावरच्या सार्वजनिक सौनात जायची आणि ओले केस टोपीखाली कोंबून घरी यायची.

त्यात इल्पोने भर मंडळात तोफ डागलेली. कुणीतरी म्हणालं होतं, आमच्या सौनात सध्या स्की ठेवल्यात. तर इल्पो लालबुंद होऊन म्हणाला, “सौनात सामान ठेवणारा आणि पाहुण्याला कॉफी न विचारणारा, एकाच माळेचे मणी! असल्यांच्या घरी मी पाय ठेवत नाही.”

हेल्काच्या घशात पाव अडकला. तिने तिथल्या तिथे ठरवलं, मेले तरी सांगणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“बरं,” आता इल्पो कागदावर आकडे मांडत होता. “जुना दिवा आणलात?”

तिने पिशवीतून जांभळा दिवा काढला. इल्पोने आपलं वीज मापायचं यंत्र भिंतीत खोचलं, दिवा त्यात खोचला. सगळं मंडळ गुलाबी झालं.

“चौऱ्याण्णव,” इल्पो म्हणाला.

“हजार लिहिलंय!”

“खोक्यावर मी राष्ट्राध्यक्ष असंही लिहिता येतं, हेल्काबाई.” त्याने दिवा बंद केला. “आणि चौऱ्याण्णव खाऊन हा देतो किती? गाय घेताना ती चारा किती खाते एवढंच विचारता का? दूध किती देते ते विचारता ना? दिव्याचं तेच. एवढी वीज खाल्ली, तर त्यातली पानापर्यंत किती पोचली? हा तुमचा दिवा नुसता खातो आणि शेपटी हलवतो.”

“मग कुठला घेऊ? तुमच्याकडे आहे तसा पांढरा?”

“पांढराच. त्यात झाडाला हवे ते सगळे रंग असतात, आणि कीड लागली तर आपल्याला दिसते तरी. सपाट फळीसारखा येतो, उजेड कमी-जास्त करायला बटण असतं.” त्याने कागदावर एक आकृती काढली, मग ती खोडली, मग परत काढली. “तुम्ही पन्नास कुंड्यांचा घ्या.”

“पन्नास? माझ्या बावीसच आहेत, सांगितलं ना!”

“मोठा घ्यायचा आणि अर्ध्यावर चालवायचा. अर्ध्यावर चालवला की तापत नाही, जास्त टिकतो आणि तेवढ्याच विजेत जास्त उजेड देतो. लहान घेऊन त्याला मरमर पळवण्यापेक्षा ते बरं.” एवढं बोलून तो उगाचच खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. त्या बुटाला नाडी नव्हती, चेन होती.

हेल्काने ते पाहिलं नाही. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

दिवा आठवड्याने आला. चांगला दाराच्या फळीएवढा. लावायचा कसा म्हणून तिने फोन केला, आणि गंमत बघा, विजेवाला माणूस, पण मी येऊन लावून देतो असं एकदाही म्हणाला नाही. हेल्काने मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

“छताला दोन हूक मारा,” इल्पो फोनवर म्हणाला. “लाकडात सहज जातील.”

“छत लाकडी आहे हे तुम्हाला काय ठाऊक?”

“अंदाज,” इल्पो घाईने म्हणाला. “आणि हेल्काबाई, त्या खोलीत विजेचं मोठं काही असलं, शेगडी-बिगडी, म्हणजे समजा हं, तर त्याचा फ्यूज आधी काढून ठेवा.”

“झोपायच्या खोलीत शेगडी कशाला असेल?”

“नसेलच. तरी काढा.”

तिने फ्यूज काढला आणि दिवा लावला. आणि काय सांगू! सौनात दुपार झाली. जुलैतली, तळ्याकाठची, खरीखुरी दुपार. हेल्का पायजम्यावर खालच्या बाकावर बसली आणि वेड्यासारखी हसत सुटली. दिवा अर्ध्यावर ठेवला होता तरी बावीसही झाडांचा एक-एक रोम दिसत होता. रोज बस लावून आली की ती तिथे अर्धा तास बसायला लागली. चौथ्या दिवशी तीन झाडांना फुलं आली. त्या आनंदात तिने बसमधल्या पोरांना सकाळी गाणं म्हणायला लावलं, आणि पोरांनी घरी जाऊन सांगितलं की हेल्का बिघडली.

असं सगळं गोडीगुलाबीत चाललेलं असताना शनिवारी दुपारी बारा वाजता फोन वाजला.

“हेल्काबाई, इल्पो बोलतोय.” आवाज विहिरीतून आल्यासारखा. “माझी आई आलीय. अचानक. सल्ला गावाहून, बसने. वय एक्क्याऐंशी. आज शनिवार, तिला सौना हवी. आणि माझ्या सौनाची शेगडी, म्हणजे, बिघडलीय. तर आई म्हणते...” तो थांबला. “ती म्हणते, त्या गुरुवारवाल्या बाईकडे जाऊ. तुम्हाला जमणार नसेल तर अगदी स्पष्ट नाही म्हणा. मी अजिबात वाईट वाटून घेणार नाही. खरं सांगतो. नाही म्हणा.”

आता सौनाला येऊ का म्हणून विचारल्यावर ‘नको’ म्हणणारा माणूस त्या देशात अजून जन्मायचाय. आणि त्याची आई! गुरुवारवाली बाई! म्हणजे घरात हिचा विषय निघतो! हेल्काच्या तोंडातून निघून गेलं, “या ना! चार वाजता या! सौना तापवून ठेवते!”

“बरं,” इल्पो म्हणाला.

फोन ठेवला आणि हेल्काने कपाळावर हात मारून घेतला. हात दाखवून अवलक्षण ते हेच! चार तास. सौना तापायला एक तास, बाक घासायला एक तास, उरले दोन, आणि बावीस झाडं. बाहेर उणे चौतीस. ओसरीत ठेवली तर दहा मिनिटांत सगळ्यांची भाजी. झोपायच्या खऱ्या खोलीत जागा करता करताच तीन वाजले, मग तिने ती तिकडे न्यायला सुरुवात केली. पलंगावर सात, कपाटावर तीन, खिडकीत एकही नाही कारण खिडकीशी गारठा. एका फुललेल्या झाडाची दोन फुलं दाराच्या चौकटीला लागून गळली आणि हेल्काच्या डोळ्यांत पाणी आलं. “माफ कर गं,” ती झाडाला म्हणाली. मग स्वतःला म्हणाली, “आठ वर्षांनी एक माणूस घरी येतोय आणि तू मिरचीसाठी रडतेस? उचल!”

दहा झाडं झाली, बारा उरली. तेव्हा साडेतीन वाजले होते आणि दारावरची घंटा वाजली.

चारला बोलावलेला माणूस त्या गावात चारलाच येतो, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. पण इल्पोच्या आईला, सायमाआजींना, घड्याळ दाखवायची हिंमत कुणात होती? दाराबाहेर एक चिमणीएवढी म्हातारी उभी, काखेत टॉवेलाची गुंडाळी, हातातल्या पिशवीत बर्च झाडाच्या डहाळ्यांची गोठवलेली जुडी, अंगाला चोपायची. मागे इल्पो, चेहरा बर्फासारखा पांढरा.

हेल्काने आधी पळत जाऊन न्हाणीघरातल्या सौनाच्या काचेच्या दारावर घोंगडी अडकवली आणि मग बाहेरचं दार उघडलं.

“ही का ती?” सायमाने मुलाला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बूट काढले. “हातापायांना माती कसली गं पोरी?”

“कॉफी घ्या ना मावशी! आधी कॉफी! पाव गरम करते!”

“कॉफी नंतर. एक्क्याऐंशी वर्षांत मी सौनाआधी कॉफी प्यायले नाही. न्हाणीघर इकडेच ना?” म्हातारी तुरुतुरु चालायला लागलीसुद्धा.

“आई, थांब,” इल्पो म्हणाला.

“मावशी, दगड अजून तापले नाहीत!” हेल्का म्हणाली.

सायमा न्हाणीघरात थबकली. घोंगडीच्या चारही बाजूंनी भगभगीत पांढरा उजेड बाहेर सांडत होता. घोंगडीचा नुसता काळा चौकोन दिसत होता आणि भोवती लख्ख दुपार.

“कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं होय?” म्हातारी म्हणाली आणि तिने घोंगडी खाली ओढली.

वरच्या बाकावर पाच, मधल्यावर सात, अशा बारा मिरच्या हिरव्यागार, फुलांनी भरलेल्या, आणि वर तो दिवा. हेल्काला वाटलं आता जमीन दुभंगली तर बरं. मग तिने डोळे मिटून सगळं ओकून टाकलं.

“माझी झोपायची खोली दीड बाय दोन नाहीये! ही सौना आहे. डिसेंबरपासून तापवली नाही. तुम्ही त्या दिवशी म्हणालात असल्यांच्या घरी पाय ठेवत नाही, म्हणून मी खोटं बोलले. मला तुम्ही आवडता आणि मला वाटलं तुम्ही कधी यायचेच नाहीत. झोपायच्या खोलीत अजून दहा आहेत. हे घ्या, झालं!”

इल्पोने टोपी काढली. हातात फिरवली. परत घातली.

“माझी शेगडी बिघडलेली नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“माझ्याही सौनात सव्वीस आहेत. ऑक्टोबरपासून.”

हेल्काचं तोंड उघडंच राहिलं. “मग मंडळात तोफा कशाला डागत होता?”

“चोराच्या मनात चांदणं! कुणी विचारायच्या आत आपणच ओरडायचं.”

“आणि दुपारी फोन कशाला केलात मग?”

“आईपुढे काय करणार? मला वाटलं, तुमची सौना भरलेली, तुम्ही नाही म्हणाल, आणि मी सुटेन. तर तुम्ही म्हणालात तापवून ठेवते! मला वाटलं तुम्ही ती रिकामी केली असेल. मी गाडीत सबंध रस्ता त्या झाडांसाठी हळहळत आलो.”

“थांब,” हेल्का म्हणाली. अहोजाहो कुठे गळून पडलं ते तिचं तिलाही कळलं नाही. “माझी सौना भरलेली आहे हे तुला माहीत होतं?”

“दीड बाय दोन म्हणालीस तेव्हाच. असली झोपायची खोली अख्ख्या देशात कुणाची नाही.”

इकडे हे चाललेलं, तिकडे सायमाआजी सौनात शिरल्या होत्या. खालच्या बाकावर टॉवेल पसरून, मोजे काढून, दिव्याकडे तोंड करून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. सुरकुत्यांतून अगदी लहान पोरीसारखं हसू पसरलेलं.

“ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा माझे गुडघे मला दिसले,” त्या म्हणाल्या. “काय गं पोरी, हा एवढा थोरला दिवा किती झाडांचा?”

“पन्नास कुंड्यांचा, मावशी.”

“आणि तुझ्या किती?”

“बावीस.”

सायमाने एक डोळा उघडला आणि मुलाकडे वळवला. “आणि तुझ्या सव्वीस. बावीस नि सव्वीस?”

हेल्काने मनात बेरीज केली. एकदा केली, मग परत केली, आणि तिचे कान तापून लाल झाले. इल्पो खाली वाकून, नसलेली नाडी बांधत होता.

“इल्पो,” ती म्हणाली, “बोलला का नाहीस?”

“बोललो की.” त्याने वर पाहिलं नाही. “पन्नास कुंड्यांचा घे म्हणालो. याहून स्पष्ट कसं बोलतात?”

हेल्का हसायला लागली. हसता हसता तिला उभं राहवेना, म्हणून ती न्हाणीघराच्या फरशीवरच बसली, आणि इल्पोही तिच्या शेजारी टेकला, बुटांसकट, टोपीसकट, आणि त्याचेही खांदे हलायला लागले.

“घराण्याचाच रोग आहे हा,” सायमाआजी आतून म्हणाल्या. “याच्या बापाने मला मागणी घातली ती कशी? स्वतःच्या घरामागे दोन माणसांना पुरतील एवढी लाकडं फोडून ठेवली, आणि बसला वाट बघत. मला कळायला एक हिवाळा गेला. तुझं बरं, पोरी, तुझ्या दिव्याला बटण तरी आहे. आता उठा! सगळ्या मिरच्या इथे, सगळी माणसं तिकडे. मी टॉवेल घेऊन आले आहे, विसरलात का?”

मग त्या शनिवारी केमियार्वीत जी धांदल उडाली तिला तोड नाही. गाडी आधी अर्धा तास तापवली. इल्पोच्या घरून सव्वीस कुंड्या रजयांत, स्वेटरांत, एक तर त्याच्या कानटोपीत गुंडाळून तीन खेपांत आणल्या. दारापासून गाडीपर्यंत पाच पावलं, ती दोघं पोटाशी झाड धरून ‘पळ पळ पळ’ करत धावायची, आणि एकदा हेल्का बर्फात बसकण मारून पडली तरी झाड दोन्ही हातांनी वर धरलेलं. शेजारचा म्हातारा फावडं टेकून बघत होता.

“कुणी आजारी आहे का?” त्याने विचारलं.

“नाही!” दोघं एकदम ओरडली.

सायमाआजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या भोवती, वर, खाली, पायांशी कुंड्या लागत गेल्या, आणि त्या मधोमध कॉफी पीत बसलेल्या. सौनाआधी कॉफी न पिण्याचा एक्क्याऐंशी वर्षांचा नेम त्यांनी दिव्याखाली मोडला होता. शेवटची कुंडी आत आली तेव्हा हेल्काने दिव्याचं बटण धरलं. इतके दिवस ते अर्ध्यावर होतं. तिने ते पूर्ण फिरवलं. अठ्ठेचाळीस झाडं एकदम उजळली आणि इल्पोने डोळ्यांवर हात धरला.

“आता मागे ये थोडं,” तो म्हणाला. “पूर्ण नको. तापेल. जरा कमी.”

“आज राहू दे,” हेल्का म्हणाली, आणि त्याने हात खाली घेतला.

इल्पोच्या घरी सहा वाजता दगड तापले. आधी बायका, मग बाप्ये, असा सायमाचा कायदा. बाकांवर सव्वीस कुंड्यांच्या मातीचे गोल अजून ओले होते. हेल्का पुसायला गेली तर म्हातारीने हात धरला आणि त्यावरच टॉवेल टाकून बसली. हेल्काने पळीभर पाणी दगडांवर मारलं. वाफ सळसळत वर आली, थोडा मिरचीच्या पानांचा वास घेऊन.

“अठ्ठेचाळीस झाली,” सायमा डोळे मिटून म्हणाली. “दोन जागा उरल्यात. एकीत माझा शेपू लाव.”

“लावते. आणि दुसरीत, मावशी?”

“दुसरीचं तुम्ही दोघं बघा,” म्हातारी म्हणाली, “आणि मला आता मावशी म्हणू नकोस. पाणी टाक.”